कार्यअहवाल की हिशेब?

नगरसेवकाचा छापील कार्यअहवाल शहरातील मतदारास अपरिचित नाही. त्यात नवे दिवे, फरसबंदी झालेल्या गल्ल्या आणि उद्‌घाटनांची छायाचित्रे असतात. खर्चाचा आकडा क्वचितच आढळतो. वस्तुतः गल्लीतील फरशी करदात्याच्या पैशाची असते. (फलक मात्र ‘अथक प्रयत्नां’चा लागतो.)

खेड्यातील मतदारास ग्रामसभेत उठून हिशेब विचारता येतो. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने त्या सभेस घटनेत स्थान दिले. त्याच वर्षीच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. तेथे मुख्यत्वे नगरसेवकच बसतात. सर्व मतदारांची ती सभा नव्हे. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली, ती बहुतांशी कागदावरच राहिली.

मुंबईत तर मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते. २०२५-२६ चे ७४ हजार कोटींहून अधिक रकमेचे अंदाजपत्रक प्रशासकांनीच मंजूर केले. नव्या नगरसेवकांनी आपल्या पहिल्या अहवालात निविदेची रक्कम, कंत्राटाची मुदत आणि काम रखडले असल्यास त्याचे कारण, एवढे तरी छापावे. आणि तो दाराखालून सरकवण्याऐवजी रहिवाशांसमोर वाचावा.