विश्लेषण : मुलांसाठी शिडाच्या बोटीवरची उन्हाळी सफर आणि स्कूबा डायव्हिंग… वयाची अट काय, धोका नेमका कुठे?

उन्हाळी शिबिर म्हटले की आपल्याकडे पोहणे, चित्रकला, फार तर चार दिवसांचा ट्रेक डोळ्यांसमोर येतो. कॅरिबियन समुद्रात मात्र दरवर्षी जून ते ऑगस्टदरम्यान वेगळेच शिबिर भरते. साधारण ५० फुटी शिडाची बोट, तिच्यावर १३ ते १८ वयोगटातील दहा-बारा मुले, एक कप्तान आणि एक डायव्हिंग प्रशिक्षक. दोन-तीन आठवडे राहणे, जेवणे, झोपणे सगळे बोटीवरच. बोट मुलांनीच हाकायची आणि रोज पाण्याखालीही जायचे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले अशा सफरींना जाऊ लागली आहेत. इथेही जून-जुलैमध्ये सुट्टी असलेल्या आंतरराष्ट्रीय शाळांच्या पालकांपर्यंत त्यांची माहितीपत्रके पोहोचतात. फोटो भुरळ घालणारे असतात. पण सही करण्यापूर्वी काय तपासायचे, हे त्या फोटोंत दिसत नाही.

या सफरी कुठे होतात?

सर्वाधिक पसंती ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सना. टोर्टोला, व्हर्जिन गोर्डा यांसह सुमारे ६० लहानमोठी बेटे इथे आहेत. त्यांच्या मधोमध सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेल हा समुद्राचा पट्टा आहे. दोन्ही बाजूंच्या बेटांमुळे महासागराच्या मोठ्या लाटा आत येत नाहीत. व्यापारी वारे मात्र जवळपास वर्षभर एकाच दिशेने वाहत असतात. एका बेटावरून पुढचे बेट दिसते, त्यामुळे नवशिक्याला दिशा चुकण्याची भीती कमी. शिडाची बोट शिकायला यापेक्षा सोयीचे पाणी जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. अ‍ॅक्शनक्वेस्ट, ब्रॉडरीच, सेल कॅरिबियन ही या क्षेत्रातील परिचित नावे. तीन आठवड्यांच्या सफरीचे शुल्क पाच हजार डॉलरच्या पुढे जाते, विमानभाडे वेगळे.

इथले आणखी एक आकर्षण म्हणजे आरएमएस ऱ्होन या टपालवाहू जहाजाचे अवशेष. २९ ऑक्टोबर १८६७ रोजी चक्रीवादळात सापडून हे ब्रिटिश जहाज सॉल्ट आयलंडजवळ खडकावर आदळले आणि दोन तुकडे होऊन बुडाले. शंभराहून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. आज त्याचा मागचा भाग उथळ पाण्यात, तर पुढचा भाग सुमारे २५ मीटर खोलीवर आहे. हे आकडे लक्षात ठेवा. कोणत्या वयाच्या मुलाने या जहाजाचा कोणता भाग पाहायचा, हे त्यांवरच ठरते.

मुले बोटीवर नेमके काय करतात?

थोडक्यात सांगायचे तर सगळेच. रोज एका मुलाकडे त्या दिवसाचे कप्तानपद येते. कोकणातल्या भाषेत तो आजचा तांडेल. नकाशा पाहून मार्ग त्याने आखायचा, वाऱ्याचा अंदाज त्याने घ्यायचा, शीड कधी चढवायचे आणि नांगर कुठे टाकायचा हेही त्यानेच सांगायचे. खरा कप्तान शेजारी उभा असतो आणि शक्यतो गप्प राहतो. दुसऱ्याकडे सुकाणू, तिसऱ्याकडे नोंदवही, उरलेल्यांकडे स्वयंपाक आणि भांडी. गोडे पाणी टाकीत असेल तेवढेच, म्हणून आंघोळ समुद्रात आणि वरून जेमतेम तांब्याभर पाणी. अनेक सफरींत मोबाइलचा वापर मर्यादित असतो. पहिल्या दोन दिवसांची खरी परीक्षा कदाचित हीच!

शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. प्रत्येक वळणावर शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरते. त्या क्षणी दोर कोणी सोडायचा, कोणी ओढायचा आणि डोके कोणी खाली घालायचे हे ठरलेले नसेल, तर शिडाखालची आडवी काठी ते ठरवते. वर्गात बसून शिकवलेले ‘टीमवर्क’ आणि हे, यांत फरक आहे तो इथे.

स्कूबासाठी वयाची अट काय?

जगात सर्वाधिक प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘पॅडी’ या संस्थेच्या नियमांनुसार दहाव्या वर्षापासून ‘ज्युनिअर ओपन वॉटर डायव्हर’ होता येते. १० आणि ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरपेक्षा खोल जाता येत नाही. सोबत आई-वडील, पालक किंवा पॅडीचा व्यावसायिक डायव्हर हवा. १२ ते १४ वयोगटासाठी मर्यादा १८ मीटर आणि सोबत प्रमाणित प्रौढ डायव्हर. पुढचा ‘ज्युनिअर अ‍ॅडव्हान्स्ड’ अभ्यासक्रम केल्यास ही मर्यादा २१ मीटर होते. पंधराव्या वर्षी ‘ज्युनिअर’ हा शब्द गळून पडतो.

म्हणजे १३ वर्षांच्या मुलाला ऱ्होनचा मागचा भाग पाहता येईल, २५ मीटरवरचा पुढचा भाग नाही. सोबतचे १६ वर्षांचे प्रमाणित मित्र तिकडे निघाले असले, तरी नाही. ‘एकदाच जाऊ दे ना’ हे वाक्य बोटीवर हमखास ऐकू येते. त्याला नाही म्हणणारा प्रशिक्षक असणे, हेच त्या सफरीचे मोल.

प्रमाणपत्रासाठी २०० मीटर सलग पोहणे (मास्क, फिन आणि स्नॉर्केलसह ३०० मीटर), दहा मिनिटे पाण्यावर तरंगणे, पुस्तकी अभ्यास, तलावासारख्या बंदिस्त पाण्यातला सराव आणि खुल्या पाण्यात चार डाइव्ह आवश्यक असतात. पोहण्याला वेळेची अट नाही, पण पोहता यायलाच हवे.

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात पर्यटक जे ‘स्कूबा’ करतात ते हे नव्हे. तिथे बहुतेकदा प्रशिक्षक तुम्हाला धरून काही मिनिटे पाण्याखाली नेतो, व्हिडीओ काढतो आणि वर आणतो. ती फक्त चव असते. तिच्या जोरावर मुलाला ‘स्कूबा येते’ असे अर्जात लिहिणे धोकादायक आहे.

श्वास रोखला तर काय होते?

स्कूबाचा पहिला नियम एका ओळीचा आहे : श्वास कधीही रोखू नका. हा नियम का, ते दहावीच्या भौतिकशास्त्रात समजते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब एक वातावरण असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. हाच बॉइलचा नियम.

आता समजा, १० मीटर खोलीवर एका मुलाने टाकीतून छातीभर श्वास घेतला. फुप्फुसात पाच लिटर हवा आहे. काहीतरी पाहून तो घाबरला, श्वास रोखला आणि सरळ वर निघाला. पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत त्या पाच लिटरना दहा लिटर जागा हवी. फुप्फुसे तेवढी ताणत नाहीत, फाटतात. बाहेर पडलेली हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचली, तर मिनिटांचा खेळ असतो.

आता २० मीटरवरून १० मीटरवर येताना काय होते पाहा. दाब तीनवरून दोनवर येतो, म्हणजे हवा दीडपट होते. शेवटच्या १० मीटरमध्ये ती दुप्पट होते. सर्वात मोठा बदल सर्वात उथळ पाण्यात होतो. पूर्ण श्वास रोखून वर आल्यास जेमतेम सव्वा-दीड मीटर खोलीही इजा व्हायला पुरते. ‘तलावातच तर शिकवत आहेत’ म्हणून निर्धास्त होणाऱ्या पालकांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

कानांचे दुखणे याच नियमाचे धाकटे भावंड. खाली जाताना कानाच्या पडद्यावर दाब येतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली, की आतून दाब समान होतो. सर्दी झाली असेल तर ही वाट बंद असते. अशा दिवशी डाइव्ह करायची नाही, औषध घेऊनही नाही. नेमके इथेच किशोरवय आडवे येते. सगळे उड्या मारत असताना ‘मला आज जमणार नाही’ म्हणणे १४ वर्षांच्या मुलाला जड जाते. कोणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह रद्द करू शकतो, हा डायव्हिंगमधला सर्वमान्य नियम आहे. तो मुलाला प्रशिक्षकाआधी घरातून कळलेला बरा.

खोलीच्या मर्यादेमागे आणखी एक कारण आहे. दाबाखाली शरीरात नायट्रोजन विरघळतो. झपाट्याने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात. वाढीच्या वयातील हाडांवर आणि सांध्यांवर त्याचा काय परिणाम होतो, यावर मुलांवरील अभ्यास फारसे नाहीत. त्यामुळे मुलांसाठीचे नियम मुद्दाम हातचे राखून केले आहेत.

आरोग्याच्या अर्जात काय लिहायचे?

जे खरे आहे तेच. दमा, फिट येणे, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, वारंवार चक्कर येणे, सुरू असलेली औषधे यांबद्दल या अर्जात विचारणा असते. ‘हो’ असे उत्तर दिले म्हणजे मूल बाद झाले असे नाही. डॉक्टरांची तपासणी आणि सही लागते, इतकेच. अल्पवयीन मुलाच्या अर्जावर सही पालकांची असते. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून लहानपणीचा दमा लपवणारे पालक परदेशात असतात, तसे आपल्याकडेही असतात. दम्यात श्वासनलिका आकसून हवा अडकू शकते. अडकलेल्या हवेचे वर येताना काय होते, ते वर पाहिलेच.

बोटीबद्दल काय विचारायचे?

पालक डायव्हिंगबद्दल दहा प्रश्न विचारतात, बोटीबद्दल एकही नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेल्या ३४ जणांचा मृत्यू झाला. त्यांत किशोरवयीन मुले होती, एक भारतीय दाम्पत्यही होते. डायव्हिंगशी या मृत्यूंचा संबंध नव्हता. रात्री फेरी मारणारा पहारेकरी बोटीवर नव्हता, असा ठपका चौकशीत ठेवण्यात आला. कप्तानाला २०२३ मध्ये दोषी ठरवण्यात आले आणि २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून पहिला प्रश्न : रात्री जागे कोण असते? झोपायच्या जागेतून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का? मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे चार्ज होतात? एका प्रशिक्षकामागे पाण्याखाली किती मुले असतात? आणीबाणीसाठी ऑक्सिजन बोटीवर आहे का? उच्च दाबाच्या उपचार कक्षाचे सर्वात जवळचे ठिकाण कोणते आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो? नेहमीच्या प्रवास विम्यात डायव्हिंग अनेकदा वगळलेले असते, तेही पाहून घ्यावे. चांगल्या आयोजकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

हवामानाचाही मुद्दा आहे. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो, म्हणजे मुलांची सुट्टी नेमकी त्यातच येते. सर्वाधिक जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा या वादळाने याच बेटांची दाणादाण उडवली होती. जूनच्या उत्तरार्धातील किंवा जुलैतील सफर त्यातल्या त्यात बरी. वादळाचा इशारा आल्यास मुलांना कुठे आणि कसे हलवणार, हे आयोजकाकडून लेखी घ्यावे.

महाराष्ट्रात काय शिकता येते?

समुद्र आपल्याकडेही आहे, फक्त मोसम उलटा. पावसाळ्याच्या तोंडावर, मेच्या अखेरीपासून कोकण किनाऱ्यावरील जलक्रीडा बंद होतात. त्यामुळे उन्हाळी सुट्टीतले हाती येणारे दिवस एप्रिल-मेचेच. सिंधुदुर्गात तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथे पॅडीचे अभ्यासक्रम चालतात. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कॅरिबियनइतके आरपार पाणी इथे मिळत नाही, पण गढूळ पाण्यात शिकलेला डायव्हर नितळ पाण्यात सहसा गोंधळत नाही. अंदमानात स्वराज द्वीप येथे पाणी जास्त स्वच्छ, खर्चही जास्त.

शिडाच्या बोटीसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही मुलांची खास बोट आहे. लांबी अवघी २.३ मीटर, एकच शीड, एकच खलाशी आणि स्पर्धेसाठी वयोमर्यादा १५. मुंबई, पुणे, गोव्यातील सेलिंग क्लबमध्ये ती शिकवली जाते. एनसीसीच्या नौदल विभागातही छात्रांना शिडाच्या बोटी चालवायला मिळतात, किनाऱ्यालगतच्या मोहिमाही होतात. खर्च नगण्य, पण माहिती फार थोड्यांना. बोटीवर दोन-तीन आठवडे राहून दोन्ही एकत्र शिकण्याची सोय मात्र आपल्याकडे रुजलेली नाही.

इथेही प्रश्न तेच विचारायचे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. तेही पाण्याखाली नव्हे, किनाऱ्याकडे येताना. लाइफ जॅकेट बोटीवर आहे का, याइतकेच ते अंगावर आहे का आणि मुलाच्या मापाचे आहे का, हे पाहावे लागते.

परतीचे तिकीट कधीचे काढायचे?

हा प्रश्न शेवटी येतो आणि बहुतेक वेळा चुकतो. अनेक दिवस सलग डायव्हिंग केल्यानंतर विमान प्रवासापूर्वी किमान १८ तास थांबावे, अशी शिफारस आहे. विमानात हवेचा दाब कमी असतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे तिथेही होऊ शकतात. शेवटची डाइव्ह दुपारी असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान घेऊ नये. माहितीपत्रकात शेवटचा दिवस ‘बोटीची सफाई आणि निरोप’ असा लिहिलेला असतो, तो याचसाठी.