भूमिकाखेळांतील युद्धपाळी

भूमिकाखेळात लढाईचा प्रसंग उद्भवला असता प्रत्येक पात्राने कोणत्या क्रमाने व एका वेळी किती कृती करावयाच्या, हे ठरविणारी नियमव्यवस्था. भूमिकाखेळ हा मेजाभोवती बसून मुख्यतः संभाषणातून खेळावयाचा खेळ होय. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, तर सूत्रधार परिस्थितीचे वर्णन करतो आणि शत्रू व इतर पात्रे सांभाळतो. ज्या कृतीचे फलित अनिश्चित असते, ते फाशाने ठरवितात. एरवी खेळाडू सुचेल तसे बोलतात. लढाईत मात्र आधी वार कोणी केला यावर पात्राचे जगणे-मरणे अवलंबून असल्याने बोलण्याला क्रम लावणे आवश्यक ठरते.

बुद्धिबळातही आळीपाळीने खेळी करतात; तथापि दोहोंत मूलभूत फरक आहे. बुद्धिबळात पाळी हे खेळाचे अंगच असते. युद्धपाळीत मात्र एकाच वेळी घडणाऱ्या घटना केवळ सोयीसाठी एकामागून एक सांगितल्या जातात. हा संकेत लक्षात घेतला म्हणजे या नियमांतील बहुतेक गुंतागुंतीचा उलगडा होतो.

पूर्वपीठिका : या नियमांचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियन सेनाधिकारी गेओर्ग हाइनरिक फोन राइस्विट्स याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात एक पाळी दोन मिनिटांची मानलेली होती. खेळाडू आपले हुकूम पंचाकडे देत व पंच त्यांचे फलित ठरवी. गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) व जेफ पेरन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या मध्ययुगीन युद्धखेळात दोन पर्याय होते : दोन्ही पक्षांनी आळीपाळीने सैन्य हलविणे किंवा हुकूम आधी लिहून ठेवून ते एकाच वेळी अंमलात आणणे. पुढे गायगॅक्स व डेव्ह आर्नसन (१९४७–२००९) यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पहिला व्यापारी भूमिकाखेळ अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात सैन्याच्या तुकडीची जागा एकट्या पात्राने घेतली आणि कालमापनाचा प्रश्न अधिक सूक्ष्म झाला.

फेरी, पाळी व अग्रक्रम : लढाईतील सर्व पात्रांची एकेक पाळी पूर्ण झाली म्हणजे एक फेरी होते. पाळ्यांच्या क्रमास अग्रक्रम म्हणता येईल. या खेळाच्या २०१४ मधील पाचव्या आवृत्तीनुसार लढाईच्या आरंभी प्रत्येकासाठी वीस बाजूंचा फासा टाकतात व आलेल्या अंकात पात्राच्या चपळाईचा अंक मिळवितात. उदा., टेहळ्यास १२ + ३ = १५, दैत्यास ११ − १ = १० व योद्ध्यास ८ + १ = ९ असे गुण मिळाल्यास टेहळ्या, दैत्य, योद्धा हा क्रम लढाई संपेपर्यंत कायम राहतो. आपल्या पाळीत पात्रास ठराविक अंतर चालता येते व वार करणे, मंत्र टाकणे यांसारखी एक मुख्य कृती करता येते.

येथे एक विसंगती संभवते. टेहळ्या वार करून पळू लागला, तर स्वतःची पाळी नाही म्हणून दैत्य नुसता पाहत राहणार काय? वस्तुतः दोघेही त्याच सहा सेकंदांत वावरत असतात. म्हणून प्रत्येक पात्रास दोन पाळ्यांच्या दरम्यान एक प्रतिक्रिया करण्याची मुभा असते. शत्रू टप्प्याबाहेर निघताच तिच्या आधारे त्याच्यावर वार करता येतो. ‘शत्रू दारात येताच बाण सोडीन’ असे आधी सांगून कृती राखून ठेवण्याचा नियमही याच कारणाने आला. बेसावध पात्रास २०१४ च्या नियमांनुसार पहिल्या पाळीत काहीच करता येत नसे. २०२४ च्या सुधारणेनंतर ते पात्र अग्रक्रमासाठी दोन फासे टाकून त्यांतील लहान अंक घेते.

फेरीचा कालावधी : फेरी किती काळाची मानावी, यावर लढाईचे स्वरूप ठरते. याच खेळाच्या १९७९ च्या प्रगत नियमांत फेरी एक मिनिटाची असून तिचे सहा सेकंदांचे दहा भाग होते. मिनिटभरातील अनेक हुलकावण्यांपैकी परिणामकारक वाराचाच फासा टाकावयाचा, अशी त्यामागील कल्पना होती. मंत्र पूर्ण होण्यास काही भाग लागत व तेवढ्यात घाव बसल्यास मंत्र वाया जाई. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत फेरी सहा सेकंदांची झाली. ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) मध्ये ती बारा सेकंदांची असून वाराचा क्षण पात्राची चपळाई, शरीराचा आकार व शस्त्राची लांबी यांवरून ठरे. त्यामुळे भालाईतास खंजीरधाऱ्यापेक्षा आधी वार करता येई. ‘गर्प्स’ (१९८६) या खेळात तर पाळी केवळ एका सेकंदाची असून शस्त्र उपसण्यातही एक पाळी खर्च होऊ शकते.

इतर पद्धती : ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) या खेळात पंधरा सेकंदांच्या फेरीतील सर्व वार एकाच वेळी झाले असे मानीत, त्यामुळे दोन्ही प्रतिस्पर्धी एकमेकांच्या वाराने पडू शकत. ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) मध्ये अग्रक्रमच नाही. कथेच्या ओघात कोणी बोलावे, हे सूत्रधार व खेळाडू ठरवितात.

काटेकोर नियमांत वास्तवाचा भास अधिक असतो. परंतु हिशेब वाढतो व खेळाडूस आपल्या पाळीसाठी बराच वेळ थांबावे लागते. सैल पद्धतीत वेग राहतो. मात्र मितभाषी खेळाडू मागे पडण्याचा संभव असतो. युद्धपाळीचे प्रयोजन म्हणूनच दुहेरी आहे : पात्रांच्या वारांना क्रम लावणे आणि मेजाभोवतीच्या प्रत्येकास बोलण्याची समान संधी देणे.