पोवळ्यांच्या बेटावरची माती

माती म्हटली की काळी, तांबडी किंवा पांढरट जमीन आपल्या डोळ्यांसमोर येते. खडक झिजून ती तयार होते, आणि खडकातले लोह, पालाश तिच्यात उतरतात. पण जिथे असा खडकच नाही, तिथे काय पिकवायचे?

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या आसपास, किरिबास नावाचा ३३ बेटांचा देश आहे. बहुतेक बेटे समुद्रापासून दोन-तीन मीटरच उंच. तिथली जमीन म्हणजे पोवळी आणि शिंपले यांचा चुरा, म्हणजे जवळजवळ निव्वळ चुनाच. चिकणमाती नावालाही नाही. त्यामुळे पाऊस पडला की पाणी झरून जाते आणि खतही त्याच्याबरोबर जाते.

शिवाय चुन्यामुळे जमिनीचा सामू आठच्या वर जातो. मग असलेले थोडे लोह, जस्त, मँगनीज पाण्यात विरघळत नाही. स्फुरदही चुन्याशी बांधले जाते. मुळे आहेत, पण तोंडात घास पडत नाही! आपल्याकडे चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडतो, त्याला शेतकरी ‘केवडा’ म्हणतात. दुखणे तेच.

तिथल्या लोकांनी यावर तोड काढली. अळूच्याच कुळातले ‘बाबाई’ नावाचे कंद ते लावतात. भूगर्भातले गोडे पाणी लागेपर्यंत खड्डा खणतात, केतकीच्या जातीच्या पानांची बिनबुडाची टोपली रोपाभोवती ठेवतात आणि तिच्यात पालापाचोळ्याचे थर घालीत राहतात. काही जण गंजलेले डबेही पुरतात. हसू नका! कुजणाऱ्या पाल्यातली आम्ले लोहाला धरून मुळांपर्यंत पोचवतात; पाण्याखाली हवा कमी असल्याने गंजातले लोहही विरघळू लागते. चिकणमातीने करायचे ओलावा आणि अन्न धरून ठेवण्याचे काम इथे कुजलेला पालाच करतो.

म्हणून या बेटांवर पाला जाळणे म्हणजे शेत जाळणेच. नत्र धुराबरोबर उडून जाते आणि राख जमिनीचा अल्कपणा वाढवते.

आणि खरी धास्ती समुद्राची आहे. ते गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वादळात एखादी लाट खड्ड्यात शिरली, तर बाबाई मरते आणि पुन्हा लावणी करण्यापूर्वी मीठ निघून जाण्याची वाट पाहावी लागते. समुद्र चढतो आहे, तशी ही भीती वाढते आहे. वर्षानुवर्षे हाताने बनवलेली ती ओंजळभर माती जपणे, हीच तिथली शेती आहे.