दुकानाची पाटी आणि घराचा पत्ता

व्यापाऱ्याचे नाव जितके दूर जाईल तितका त्याचा व्यापार वाढतो. म्हणून पाटीवर, पावतीवर व संत्र्याच्या पेट्यांवरील चिठ्ठीवरही आपण नाव, गाव व क्रमांक ठळक छापतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु उधारीवरून दुखावलेला मनुष्य, काढून टाकलेला नोकर किंवा घरातील मुलीच्या मागे लागलेला एखादा उपद्रवी छळावयास उठला, की हीच माहिती त्याच्या हाती शस्त्र होते.

असा मनुष्य माहिती तुकड्यातुकड्यांनी जमवितो. पाटीवरून क्रमांक, लग्नपत्रिकेवरून आप्तांची नावे, विवाहेच्छूंच्या परिचय-पुस्तिकेतून मुलीचे छायाचित्र, जन्मतारीख व शिक्षण, आणि दुकानातील पोऱ्याकडून येण्याजाण्याची वेळ! एकेक तुकडा निरुपद्रवी वाटतो. परंतु जुळविले की सारे घर उघडे पडते.

यास उपाय एकच : दुकानाची माहिती व घरची माहिती यांची खाती निराळी ठेवावीत. व्यापाराचा क्रमांक वेगळा असावा व घरातील स्त्रियांचा क्रमांक पाटीवर वा पावतीवर कधीही नसावा. वस्तु व सेवा कराच्या नोंदणीत व्यवसायाचे ठिकाण म्हणून घराचा पत्ता दिल्यास तो संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो, हे ध्यानी असावे. आधारची प्रत द्यावी लागल्यास पहिले ८ अंक झाकलेली प्रत द्यावी. आणि मुनिमापासून लहान मुलांपर्यंत सर्वांस बजावावे, की विचारणारा कितीही गोड बोलला तरी, ‘आपला निरोप सांगतो’ एवढेच उत्तर द्यावे.

छळ सुरू झालाच, तर एकदा स्पष्ट शब्दांत लेखी नकार द्यावा व पुढे वाद घालू नये. रागाच्या भरात निरोप पुसून टाकू नयेत. तोच पुरावा होय. दिनांक व वेळ यांसह प्रत्येकाची नोंद रोजकीर्दीप्रमाणे ठेवावी. जुना क्रमांक तडकाफडकी बंद न करता निराळ्या यंत्रात चालू ठेवावा. २०१५ साली मुंबईच्या न्यायालयाने, सहकारी स्त्रीस निनावी ई-मेल पाठवून सतावणाऱ्या एका इसमास दोषी ठरविले. तिने गप्प न बसता पोलिसांकडे तक्रार केली, म्हणूनच तो हाती लागला.

कायदाही आपल्या बाजूस आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ अन्वये, नको म्हटल्यावरही स्त्रीचा वारंवार पाठलाग करणाऱ्यास प्रथम अपराधास ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नाव लपवून धमकी देणाऱ्यास कलम ३५१ अन्वये मूळ शिक्षेखेरीज आणखी २ वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. उपद्रवी नागपुरात बसून त्रास देत असला, तरी सौंसरच्या ठाण्यात ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून तक्रार नाकारता येत नाही. ती नोंदवून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठविली जाते. तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहे.

तथापि कायदा मागाहून धावतो. आधीची राखण आपणच करावयाची असते. पुष्कळ कुटुंबे लोकलज्जेस्तव तोंड मिटून बसतात आणि छळणाऱ्यास तेच हवे असते. लाज त्याने बाळगावी, पीडित घराने नव्हे. म्हणून आपल्या संस्थांनीही परिचय-पुस्तिका व सभासद-सूची छापताना प्रत्येक घराची संमती घ्यावी, आणि मुलींच्या नावापुढे त्यांचा क्रमांक न देता पालकांचा किंवा कार्यालयाचाच द्यावा. दुसऱ्याची अनामत आपण जिवापाड जपतो. शेजाऱ्याच्या घराचा पत्ता व त्याच्या लेकीचा क्रमांक हीही आपल्याकडील अनामतच आहे. ती मालकाच्या परवानगीवाचून कोणाच्याही हाती देऊ नये.