वीस सेकंदांत चोवीस मीटर

लंडनला पार्लमेंटसमोर डिसेंबर १८६८ मध्ये जगातला पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला. कल्पना जॉन पीक नाइट या रेल्वे अधिकाऱ्याची. दिवसा रेल्वेच्या सिग्नलसारखे आडवे होणारे हात, रात्री गॅसवर जळणारा लाल-हिरवा दिवा, आणि तो चालवायला खांबाशी उभा पोलीस. २ जानेवारी १८६९ ला गॅसचा स्फोट होऊन तो पोलीस जखमी झाला आणि प्रयोग फार काळ टिकला नाही. स्फोटाची हकिगत सगळेच सांगतात. तो खांब कशासाठी उभारला होता, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. घोडागाड्या दोन्ही बाजूंना थोपवून पायी माणसांना पलीकडे जाऊ द्यायचं, हेच त्याचं काम होतं.

पुढे १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला विजेचा सिग्नल आला, १९२० मध्ये डेट्रॉइटला तिसरा, पिवळा रंग आला. तोवर मोटारींची गर्दी झाली होती आणि गाड्यांना आळीपाळीने सोडणं हे सिग्नलचं मुख्य काम ठरलं. चालणाऱ्याच्या वाट्याला उरलेले सेकंद आले.

हे सेकंद ठरतात कसे? आपल्याकडचा ठोकताळा माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतो. दुभाजकासह २४ मीटर रुंदीचा रस्ता म्हणजे २० सेकंद. कागदावर हिशेब बिनचूक आहे. पण इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्या लोकांची चाल मोजली, तेव्हा सरासरी पुरुषांची सेकंदाला ०.९ आणि बायकांची ०.८ मीटर निघाली. त्या चालीने निघालेली आजी २० सेकंदांत १६ मीटर जाते. उरलेले आठ मीटर म्हणजे दोन लेनहून जास्त, आणि समोर सिग्नल सुटायची वाट पाहत पहिल्या गिअरमध्ये गुरगुरणारी बस.

त्यातही हे २० सेकंद तिला पुरते मिळत नाहीत. कोणत्याही मोठ्या चौकात कडेला उभं राहून पाहावं. हिरवा माणूस लागतो. आजी पिशवी डाव्या हातात घेते, उंच पदपथावरून एक पाय खाली टाकते आणि थबकते, कारण डावीकडे वळणाऱ्या रिक्षा थांबलेल्या नसतात. त्या जाईपर्यंत चार-पाच सेकंद सरतात. पुढे झेब्रावर चढून उभ्या दुचाक्या. त्यांना वळसा घालताना आणखी दोन गेले. मग हिरवा माणूस लुकलुकू लागतो. त्याचा अर्थ, नव्याने उतरू नका. जे निघालेत त्यांनी पलीकडे पोचावं. मागचे मात्र धावत सुटतात.

वाहनचालकांचे नियम याबाबतीत स्वच्छ आहेत. स्टॉप लाइनच्या मागे थांबायचं, झेब्रावर पाऊल टाकलेल्याला वाट द्यायची. पिवळा म्हणजे थांबा. रेषेच्या इतकं जवळ आलो असू की ब्रेक लावणंच धोक्याचं, तरच पुढे जायचं. आपण नेमका पिवळ्यावर गाडी दामटतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं धोकादायक वाहनचालनात मोडतं. पहिल्याच गुन्ह्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. तरीही २०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले. हे सगळे चौकातच गेले असं नाही, पण हा आकडा वाचून मला राग येतो आणि तो यावा असंच वाटतं.

कॅमेरे आणि दंड हवेतच. सेकंदांचं कोडं त्यांनी सुटत नाही. सिंगापूरने २००९ पासून ज्येष्ठांना कार्ड दिलं: खांबाला टेकवलं की रस्त्याच्या रुंदीनुसार जादा सेकंद मिळतात. न्यूयॉर्कने अनेक चौकांत पादचाऱ्याचा दिवा गाड्यांच्या काही सेकंद आधी लावला, म्हणजे वळणाऱ्या चालकाला माणूस झेब्रावर आलेला दिसतो. आपल्याकडे दादरला २०२० मध्ये सिग्नलवर स्त्रीची आकृती झळकली. मला ती मनापासून आवडली. पण त्याच दिव्याखालून जाणाऱ्या आजीला हवे आहेत ते आणखी दहा सेकंद.

ते देणं अवघड नाही. बहुतेक चौकांच्या सिग्नलचा वेळ आधी ठरवलेला असतो आणि तो बदलता येतो. त्या वेळेचा तक्ता चौकातच लावावा: रस्ता किती मीटर, चाल किती धरली, पायी माणसाला किती सेकंद. मग परिसरातल्या ज्येष्ठ नागरिक संघाला टेप आणि घड्याळ घेऊन तो स्वतः तपासता येईल, आणि कमी भरला तर लेखी बदलून मागता येईल.