मधोमध कापलेला कॅमेरा

1954 साली जर्मनीत लायका एम-3 हा कॅमेरा आला आणि जपानी कारखान्यांची झोप उडाली. रेंजफाइंडर प्रकारात, म्हणजे भिंगाऐवजी वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस साधणाऱ्या कॅमेऱ्यांत, त्याची बरोबरी करणे सोपे नव्हते. निप्पॉन कोगाकूने, म्हणजे आजच्या निकॉनने, 1957 मध्ये एसपी हा तोलामोलाचा रेंजफाइंडर काढलाही. पण भिंगातून दिसते तेच फिल्मवर उतरवणाऱ्या एसएलआरचे काम तोवर कंपनीत सुरू झाले होते.

मासाहिको फुकेता यांच्या चमूने सगळे नव्याने मांडले नाही. एसपीचीच बॉडी आराखड्यात मधोमध कापली आणि त्या जागी आरशाची पेटी बसवली. 1959 चा निकॉन एफ तो हाच. त्याचे शटरचे बटण जरा मागे सरकलेले आहे, तोही एसपीचाच वारसा. तर्जनी आखडून घ्यावी लागते. प्रिझमचा टोकदार माथा युसाकू कामेकुरांनी घडवला. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकचे लाल सूर्याचे पोस्टर त्यांचेच.

पंचकोनी प्रिझम काय, क्लिक होताच जागेवर परतणारा आरसा काय, यातले काहीच निकॉनने शोधले नव्हते. निकॉनचे खरे कर्तृत्व हे सगळे एका भक्कम यंत्रात आणण्यात आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये चौकट पूर्ण, 100 टक्के दिसे. प्रिझम उचलून कमरेच्या उंचीवरून पाहायचा फाइंडर लावता येई, फोकसची काच बदलता येई. शटरचे पडदे कापडाऐवजी टायटॅनियमच्या पातळ पत्र्याचे होते, आणि एका सेकंदापासून 1/1000 पर्यंतचा सगळा वेग निव्वळ स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर. साध्या प्रिझमच्या एफला बॅटरी लागतच नाही.

रोल बदलणे मात्र कसरतीचे. तळाची किल्ली फिरवली की पाठ आणि तळ एकत्रच निघून हातात येतात. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात रोल, मग ती पाठ धरायची कुठे? बिजागरीची पाठ 1971 च्या एफ-2 मध्ये आली. फिल्म आपोआप पुढे सरकवणारी एफ-36 मोटर हवी असेल, तर ती त्या-त्या बॉडीशी कारागिराकडून जुळवून घ्यावी लागे.

एवढे सोसूनही व्यावसायिक छायाचित्रकार या कॅमेऱ्याला धरून राहिले, कारण त्यामागे भिंगांची मोठी फळी उभी होती. निक्कॉर भिंगांचा लौकिक तर एफच्याही आधीचा. 1950 मध्ये ‘लाइफ’ मासिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन ती भिंगे लायकावर लावून कोरियाच्या युद्धात गेले होते. भिंग बॉडीला जोडणारे 1959 चे एफ-माउंट पुढे 2020 च्या डी-6 या डिजिटल कॅमेऱ्यापर्यंत टिकले. मधल्या बदलांमुळे जुनी भिंगे मात्र सगळ्याच नव्या बॉडींवर जशीच्या तशी चालत नाहीत.

1980 मध्ये एफ-3 आला आणि या घराण्याच्या शटरचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले. तरी निकॉनने त्याच्या पुढच्या अंगाला एक छोटा खटका ठेवलाच. बॅटरी संपली तरी तो दाबला की साधारण 1/60 सेकंदाने शटर उघडते.