विरार ते अलिबाग : खारपट्ट्यातून जाणारा रस्ता

महानगराला वळसा घालणारा रस्ता म्हटला की नकाशावर वर्तुळ डोळ्यांपुढे येते. लंडनभोवतीचा एम-२५ असाच, १८८ किलोमीटरचा, १९८६ साली पूर्ण झालेला. हैदराबादचा बाह्य वळणरस्ता १५८ किलोमीटरचा. मुंबईला मात्र असे वर्तुळ जमिनीवर आखताच येत नाही, कारण तिच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाड्या आहेत. तिच्या वाट्याला येते ते अर्धवर्तुळ. वसईजवळच्या नवघरपासून निघायचे, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुके ओलांडून पनवेलला यायचे आणि उरण-पेणच्या खारपट्ट्यातून अलिबागला पोहोचायचे. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिका ती हीच. लांबी सुमारे १२६ किलोमीटर आणि मधोमध मेट्रोसाठी राखलेली जागा.

या रस्त्याची कल्पना २००८ सालच्या मुंबई महानगर प्रदेशाच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासातून आली. महानगराचे मुख्य रस्ते मुंबईतून बाहेर फाकतात. त्यांना बाहेरच्या बाहेर एकमेकांशी जोडणारे फारसे काही नाही. त्याचा भार रायगडकरांना रोज जाणवतो. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून गुजरातकडे किंवा नाशिककडे जाणारा कंटेनर उरण-पनवेलहून ठाणे-घोडबंदरच्या गर्दीत शिरत आला आहे. त्याला मुंबई-ठाण्यात काहीच काम नसते. नवी मार्गिका अहमदाबाद, नाशिक, पुणे आणि गोव्याकडे जाणारे महामार्ग एका सुतात ओवते, म्हणून तिची गरज खरी आहे. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रकल्प आधी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) होता, पुढे तो महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आला. त्याचे दोन टप्पे केले आहेत. नवघर ते पेण तालुक्यातील बलवली हा सुमारे ९६ किलोमीटरचा पहिला, बलवली ते अलिबाग हा साधारण ३० किलोमीटरचा दुसरा. वडोदऱ्याहून येणारा द्रुतगती महामार्ग माथेरानच्या डोंगराखालून बोगद्याने मोरब्याला उतरतो. मोरबे ते करंजाडे हा तुकडा दोन्ही रस्त्यांचा सामाईक धरला आहे. बांधकामाच्या निविदा आल्या त्या अंदाजापेक्षा पुष्कळ चढ्या, त्यामुळे त्या रद्द झाल्या. २०२५ साली मंत्रिमंडळाने ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ हा मार्ग पत्करला आणि भूसंपादन व त्यावरील व्याजासाठी सुमारे ३७ हजार कोटी रुपयांची तरतूद मान्य केली. या आकड्यात सिमेंट-डांबराचा पैसा नाही. तो केवळ जमिनीचा खर्च आहे.

म्हणूनच या रस्त्याची खरी गोष्ट जमिनीची आहे. ‘भूसंपादनामुळे रखडला’ हे वाक्य बातम्यांत इतके सहज येते की वाचणाऱ्याला शेतकरी हा अडथळाच वाटावा. रायगडच्या किनाऱ्यावर हे वाक्य अपुरे पडते. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या २५ गावांनी १९३३ पासून जवळपास सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी उपासमार सोसली, पण संप मोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे नवी मुंबई आली. ती वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. तिच्यासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क त्या लढ्यातून आला. त्याच जासईच्या शेजारी, चिर्ले येथे, आज २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उतरतो.

तिसरा प्रसंग पेणचा. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविषयी (सेझ) शासनाने शेतकऱ्यांचा कौल घेतला. ते सेझ पुढे उभे राहिलेच नाही. वळणरस्ता सुचवणारा अभ्यासही २००८ सालचाच. एकाच वर्षी एका कागदावर रस्ता आखला गेला आणि त्याच परिसरातल्या माणसांनी दुसऱ्या कागदावर आपल्या जमिनीबद्दल मत नोंदवले. आपल्याला आधी विचारले पाहिजे, ही इथल्या शेतकऱ्याची अपेक्षा अशी तीन पिढ्यांच्या लढ्यातून आलेली आहे.

नुकसानभरपाईइतकाच मोठा प्रश्न पाण्याचा आहे, आणि तो फार कमी बोलला जातो. पेण, उरण आणि अलिबागची खारजमीन समुद्राकडून घेतलेली आहे. बाहेरकाठा म्हणजे खाडीकडचा मातीचा बांध भरतीला अडवतो. ओहोटीच्या वेळी उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडतात. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड गेली की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि ती जमीन पुन्हा पिकायला वर्षे जातात. या शेतांच्या कडेच्या तळ्यांत जिताडा मासा वाढतो, आणि त्यावर कित्येक घरांचा खर्च चालतो. अशा सपाट जमिनीवर उंच भराव टाकून रुंद रस्ता नेला तर तो स्वतःच एक नवा बांध होतो. पाणी कोणत्या बाजूला तुंबेल, हे मोऱ्या किती आणि कुठे ठेवल्या यावर ठरते. जुन्या उघाड्यांच्या जागा गावातल्या वृद्धांना तोंडपाठ असतात. सल्लागार कंपनीच्या आराखड्यात त्या असायलाच हव्यात.

रस्ता झाला की त्याच्या कडेची जमीन शेतजमीन राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४ साली उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी एमएमआरडीए हे नवनगर विकास प्राधिकरण नेमले गेले. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर असे त्याचे नाव असले, तरी लोक त्याला तिसरी मुंबईच म्हणतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले. रेवस-करंजा पूल झाला की अलिबाग उरणला थेट जोडले जाईल. हे सगळे एकाच पट्ट्यात येते आहे, आणि एम-२५ चा अनुभव इथे उपयोगी पडतो: रस्ता खुला झाल्यावर काही वर्षांतच तो तुंबला आणि पुन्हापुन्हा रुंद करावा लागला, कारण रस्त्यानेच नवी वाहतूक ओढून आणली. आपल्याकडे त्या ओढीला तिसऱ्या मुंबईची जोड आहे. मार्गिकेच्या मधोमध राखलेल्या जागेत सार्वजनिक वाहतूक पहिल्या दिवसापासून धावली, तरच मालवाहतुकीसाठी मागितलेला रस्ता मालवाहतुकीला उपलब्ध राहील. मेट्रो पुढे कधीतरी, असे म्हणून चालणार नाही. तोवर त्या जागेत निदान बस धावली पाहिजे.

स्थानिकांना या रस्त्यावर चढता-उतरता कुठे येणार, हाही साधा पण निर्णायक मुद्दा आहे. द्रुतगती मार्गाची गाठ फक्त महामार्गांशी पडते; पेणच्या मूर्तिकाराला गणपतीची गाडी घेऊन किंवा अलिबागच्या शेतकऱ्याला पांढरा कांदा घेऊन मैलोन्‌मैल फिरून वर चढावे लागले, तर रस्ता त्याच्या शेतातून जाऊनही त्याच्या उपयोगाचा ठरत नाही. गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि एक तपाहून जास्त काळ वडखळ नाक्याची कोंडी लोकांनी सोसली. त्याच लोकांना आता बलवलीच्या पुढच्या टप्प्यासाठी जमीन मागितली जाईल. त्यांच्यापुढे गावनिहाय नकाशा मराठीत ठेवावा, त्यावर प्रत्येक मोरी, उघाडी, भुयारी मार्ग आणि चढ-उताराची जागा दाखवावी, आणि मोजणीचा दगड रोवण्याआधी ग्रामसभा घ्यावी.